ज्येष्ठांना खुर्ची दिली, शिक्षक कोण देणार?

आपल्या घरांत उतारवयाचे टप्पे मोठ्या हौसेने साजरे होतात. साठीला शांत, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, ऐंशी उलटून काही महिने झाले की सहस्रचंद्रदर्शन. लेकी-सुना औक्षण करतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि सत्कारमूर्तीसाठी हातांची, गादीची चांगली खुर्ची पुढे केली जाते. समारंभ संपतो, पाहुणे जातात. खुर्ची मात्र राहते. मग पाण्याचा पेला हातात येतो, वर्तमानपत्र हातात येते, चपला पायाशी येतात. 'बाबा, तुम्ही उठू नका', 'आई, तुम्ही आता काही करू नका' ही वाक्ये ज्या घरात ऐकू येतात, ते घर संस्कारी, असे आपण मानतो. ते संस्कारी आहेच. त्यामागील माया खोटी नाही. परंतु या मायेचा परिणाम ज्याच्यावर ती केली जाते त्याच्या शरीरावर काय होतो, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून अधिक, दहा टक्क्यांच्या जवळपास होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली भारतातील वार्धक्यावर अहवाल प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांपैकी एक साठीपुढील असेल, असा त्याचा अंदाज आहे. मुलगा बंगळुरूला, मुलगी न्यू जर्सीला आणि दोन वृद्ध जीव डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर, हे चित्र आता अपवादाचे राहिलेले नाही. अशा घरात दोघांपैकी एकाचा पाय न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचे हाड मोडले, तर संसाराची घडीच विस्कटते. शस्त्रक्रिया होते, हाड जुळते. पण पुन्हा पडू ही भीती मनात घर करून बसते. त्या भीतीने हालचाल आणखी आक्रसते, आक्रसलेल्या हालचालीने पाय अधिक दुबळे होतात आणि दुबळा पाय पुन्हा घसरतो. जगभरात पडण्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत साठीपुढील माणसांचीच संख्या सर्वाधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

माणूस पडतो तो केवळ फरशी ओली असते म्हणून नव्हे. तिशीनंतरच स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने तिला 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. मांडीचा पुढचा स्नायू, नितंबाचे स्नायू, पोटरी आणि घोटा यांच्या जोरावर माणूस खुर्चीतून उठतो, जिना चढतो, ठेच लागली तर सावरतो. वापर थांबला की हेच स्नायू वेगाने हटतात. चांगला तरुण माणूसदेखील पंधरा दिवस अंथरुणाला खिळला तर उठताना लटपटतो. मग सत्तरीच्या माणसाला आपण 'विश्रांती' म्हणून जे देतो त्याची किंमत किती असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

ही झीज अटळ असली तरी तिचा वेग अटळ नाही. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धनिवासात मारिया फिआटरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल स्त्री-पुरुषांना त्यांनी आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. तोही नावापुरता नव्हे, तर ज्याच्या त्याच्या ताकदीच्या मानाने चांगला जड. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरीने पावणेतीन पट झाली आणि दोघांनी तर काठी सोडली. पुढे न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या मंडळींनी ऐंशीपुढील स्त्रियांसाठी घरच्या घरी करावयाचा क्रम बसवला. घोट्याला बांधायची लहान वजने, ओट्याला धरून करावयाचे तोलाचे प्रकार आणि ठरावीक दिवशी घरी येऊन तपासणारा शिक्षक, एवढीच त्याची सामग्री. तेवढ्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. म्हणजे विद्या उपलब्ध आहे आणि तिला फारशी सामग्री लागत नाही. उणीव आहे ती घरी येऊन तपासणाऱ्या त्या शिक्षकाची.

आपल्याकडे व्यायामाचा शिक्षक म्हणजे कोण? पूर्वी तो आखाड्याचा वस्ताद होता, शाळेतील पी.टी.चे मास्तर होते. आता तो चौकाचौकांतील जिममधला ट्रेनर आहे. या तिघांची घडण निरनिराळी असली तरी एका बाबतीत ते समान आहेत. तिघेही तरुण शरीरावर शिकले आणि तरुण शरीरालाच शिकवतात. स्पर्धेचे व्यासपीठ, पिळदार दंड, आरशासमोरची छबी हे त्यांच्या विद्येचे मोजमाप. सत्तरीच्या आजोबांना तेथे प्रवेश नाकारला जात नाही, पण सायकलवर बसवून 'दहा मिनिटे चालवा, काका' एवढे सांगितले जाते आणि ट्रेनर आपल्या पंचविशीच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसरे काही शिकवलेच गेलेले नाही.

या शिक्षकाने वळायचे कसे, याचे एक मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच घडून गेले आहे. १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर योगासने शिकवण्यासाठी एक अठरा वर्षांचा कृश तरुण म्हैसूरहून आला. मुदत सहा महिन्यांची होती. त्याला मराठी येत नव्हते. बालपण क्षय, हिवताप आणि विषमज्वराने पोखरलेले. समोरचे विद्यार्थी वयाने मोठे आणि अंगाने धडधाकट. हा तरुण म्हणजे बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. सहा महिन्यांसाठी आलेला हा शिक्षक पुण्याचाच झाला आणि २० ऑगस्ट २०१४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी पुण्यातच निवर्तला.

त्यांची कीर्ती आपण सारे जाणतो. पण त्यांचा शिक्षक म्हणून झालेला प्रवास कोणत्या दिशेने झाला, इकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांचे गुरू आणि मेहुणे टी. कृष्णमाचार्य म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत शिकवत. तेथील पद्धत जोमदार, मुलांना साजेशी आणि राजेरजवाड्यांसमोर प्रात्यक्षिके दाखवण्यास योग्य अशी होती. तरुण अय्यंगारही प्रथम प्रात्यक्षिकांसाठीच ओळखले गेले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'लाइट ऑन योग' अर्थात 'योगदीपिका' या ग्रंथातील छायाचित्रे पाहावीत. मानवी शरीर कोठवर जाऊ शकते याचा तो आलेख आहे. साठीच्या गृहस्थाने ती पाहून पुस्तक मिटावे, हेही स्वाभाविकच.

परंतु त्यांच्या दाराशी येणारी माणसे सगळीच तरुण नव्हती. कंबर धरलेली, गुडघे गेलेली, धाप लागणारी, बाळंतपणाने आणि कष्टांनी वाकलेली माणसेही येत. त्यांना 'तुमच्यासाठी हे नाही' असे सांगून परत पाठवणे सोपे होते. अय्यंगारांनी आसन माणसाजवळ आणले. हात जमिनीला टेकत नाही? हाताखाली वीट ठेवा. पाठ सरळ राहत नाही? भिंतीला टेका. कमान करवत नाही? खुर्ची घ्या. विटा, दोर, तक्के, लोड, चादरी, बाक अशा घरगुती वस्तूंतून साधनांची एक संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. बेल्जियमच्या राजमाता एलिझाबेथ यांनी ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्याकडे शीर्षासनाचे धडे घेतले, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला त्याहून मोलाची वाटते ती खुर्ची. जी खुर्ची आपण वृद्धांना निजीव करण्यासाठी देतो, तिचाच आधार घेऊन त्यांना कसे हलवावे, हे या माणसाने जगाला दाखवले.

१९७९ साली, साठीत, स्कूटरच्या अपघातात त्यांच्या स्वतःच्या पाठीला आणि खांद्याला दुखापत झाली. ज्या शरीराने देशोदेशींचे प्रेक्षक थक्क केले, त्याला पुन्हा प्राथमिक हालचालींपासून सुरुवात करावी लागली. शिक्षकाच्या दृष्टीने हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दुखणारे शरीर आतून कसे असते हे निरोगी शिक्षकाला ठाऊक नसते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत रुग्णांसाठी वेगळा वर्ग चालू लागला. तेथे एकाच वेळी अनेक माणसे असत. पण प्रत्येकाचा क्रम वेगळा, आधार वेगळा, वेळ वेगळा. २००१ साली, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी जगभरच्या वाचकांसाठी जो सचित्र ग्रंथ सिद्ध केला, त्यात साधनांच्या आधाराने करावयाच्या क्रमांना मोठे स्थान आहे. ते स्वतः नव्वदीनंतरही नित्य अभ्यास करीत. २०११ मध्ये, ९२ व्या वर्षी, चीनमध्ये जाऊन त्यांनी शिकवले. त्यांचा वर्गातील दरारा सर्वश्रुत होता. तो सगळ्यांनी उचलावा असे मुळीच नाही. आणि सर्वांनी त्यांचीच पद्धत स्वीकारावी असाही माझा आग्रह नाही. घेण्यासारखी आहे ती दिशा. या शिक्षकाने तरुणांच्या प्रात्यक्षिकापासून आरंभ केला आणि वृद्धाच्या गुडघ्यापर्यंत तो चालत आला. आणि हे करताना आपली विद्या खाली उतरली असे त्याला वाटले नाही.

येथे आपल्या वाचकांपैकी एका मोठ्या वर्गाशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांनी पहाटे मैदानावर दंड फिरवला आहे, बैठका मारल्या आहेत, शेकडो तरुणांच्या रांगा एका शिट्टीवर हलवल्या आहेत. निवृत्तीनंतर वसाहतीतील ज्येष्ठांसाठी काही करावे, ही इच्छाही अनेकांना असते. पण सवय रांगेची असते. एकच आज्ञा, एकच गती, सर्वांनी एकदम. तरुणांना ही पद्धत शोभते. तिच्यात शिस्त आहे, सामूहिकतेचा आनंद आहे. सत्तरीच्या वीस माणसांना मात्र एकच आज्ञा देता येत नाही. त्यांतल्या एकाचे गुडघे बदललेले असतात, एकीची हाडे ठिसूळ झालेली असतात, एकाला रक्तदाबाच्या गोळीमुळे झटकन उठताना चक्कर येते, एकाला काचबिंदू असतो, आणि एकाला ऐकूच येत नसते. तो शेजारच्याकडे पाहून करीत असतो. अशा वर्गात आज्ञा कमी आणि निरीक्षण अधिक असावे लागते. उत्तम गणशिक्षकाला ही सवय मोडणे जड जाते, हे मी पाहिले आहे.

सूर्यनमस्कारांचेही असेच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातील शाळांत ते रुजवले आणि उतारवयापर्यंत स्वतः घातले. त्यांचे उदाहरण आपण नेहमी देतो आणि ते द्यावेच. पण त्यांनी आयुष्यभर घातले होते. ज्याने चाळीस वर्षे बँकेत खुर्चीवर काढली, त्याला पासष्टाव्या वर्षी रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात आणून पहिल्याच दिवशी बारा नमस्कार घालायला लावणे हा उत्साह आहे, शिक्षण नव्हे. त्याच बारा स्थितींतील दोन-तीन घेऊन, भिंतीशी किंवा टेबलाशी उभे राहून सहा महिने शिकवता येते. त्याला नमस्कार म्हणायचे की नाही, हा वाद शास्त्रींनी करावा.

मग या शिक्षकाला काय यायला हवे? आधी विचारणे. कोणते औषध चालू आहे, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे का, गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर सहसा पहिल्या भेटीत मिळत नाही. पडल्याची लाज वाटते, आणि मुलांना कळले तर बाहेर जाणे बंद होईल ही धास्तीही असते. त्यानंतर मोजणे. हात छातीशी घेऊन अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, एवढ्या दोन नोंदी वहीत असल्या तरी पुष्कळ कळते. हाडे ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकवायचे नाही. काचबिंदू असेल तर डोके खाली घेण्याचे प्रकार नकोत. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही. हे नियम दुर्बोध नाहीत. पदविका असो वा नसो, ज्याला ते ठाऊक नाहीत त्याच्या हाती आपली आई सोपवू नये.

जमिनीवर बसणे-उठणे हा तर आपला जुना ठेवा. पाटावरचे जेवण, उकिडवे बसून केलेली कामे, मांडी घालून केलेली पूजा यांतून नकळत सांधे आणि मांड्या राबत होत्या. ब्राझीलमधील क्लॉडियो गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि त्यांना काही वर्षे निरीक्षणाखाली ठेवले. ज्यांना हात-गुडघ्यांचा आधार फार घ्यावा लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण बरेच अधिक आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ कोणी काढू नये. ताकद, लवचीकता आणि तोल तिन्ही असतील तरच ती हालचाल जमते, म्हणून ती एकत्रित परीक्षा ठरते. आता जेवणाचे टेबल आले, कमोड आला, देवघरही कमरेच्या उंचीवर गेले. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांच्यासाठी ही सोय आवश्यकच आहे. पण ज्यांचे चांगले आहेत त्यांनीही घाईघाईने जमीन सोडली. ती पुन्हा मिळवायची तर हळूहळू, उंच पाटावरून कमी उंच पाटावर अशीच मिळवावी लागते. तेही शिकवणारा हवा.

'आम्ही रोज चालतो की' हा या विषयावरील ठरलेला प्रतिवाद. चालणे उत्तमच. पण सपाट रस्त्यावर चालल्याने मांडीची गेलेली ताकद परत येत नाही आणि तोलाचाही पुरेसा सराव होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल तर सांगितली आहेच. शिवाय किमान दोन दिवस ताकदीचे आणि किमान तीन दिवस तोलावर भर देणारे व्यायाम स्वतंत्रपणे सांगितले आहेत. उद्यानातील फेऱ्या आणि कट्ट्यावरची चर्चा यांत शेवटची दोन बसत नाहीत.

घरातील स्त्रियांच्या बाबतीत तर 'घरकाम हाच तिचा व्यायाम' या समजुतीने फार मोठे नुकसान केले आहे. घरकामात श्रम आहेत, पण ते त्याच त्या सांध्यांवर, पुढे वाकून आणि ओट्याशी तासन् तास उभे राहून होतात. रजोनिवृत्तीनंतर तिची हाडे वेगाने ठिसूळ होतात आणि नेमकी तीच व्यायामाच्या वर्गाला येत नाही. कारण सकाळी सहा ते नऊ ही वेळ डब्यांची असते. वर्गाची वेळ पुरुषांच्या सोयीने ठरवली जाते आणि नंतर 'बायका येतच नाहीत' अशी तक्रार होते. दुपारी चारला वर्ग ठेवून पाहावा.

आणखी एक अप्रिय मुद्दा पैशांचा. सांधेबदलासाठी लाखांची तजवीज करणारे घर व्यायामाच्या शिक्षकाला महिन्याचे हजार रुपये देताना घासाघीस करते. 'समाजकार्य म्हणून करा' असा सल्ला त्याला देणारे स्वतः निवृत्तिवेतन घेत असतात. निवृत्त कार्यकर्ता विनामूल्य शिकवत असेल तर त्याचे ऋण मानावे; पण ज्या तिशीतल्या ट्रेनरला घर चालवायचे आहे त्याने या मार्गाला यावे असे वाटत असेल, तर त्याला सन्मानाने मोबदला दिला पाहिजे. त्याच्या दृष्टीनेही हा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. जानेवारीत संकल्प करून मार्चमध्ये अदृश्य होणाऱ्या तरुण गिऱ्हाइकापेक्षा, एकदा गुण आला की वर्षानुवर्षे वेळेवर येणारे आजी-आजोबा अधिक भरवशाचे असतात. उलट एक दिवस शिक्षक आला नाही तर त्याची चौकशी करायला तेच आधी येतात.

जागा शोधायलाही फार लांब जायला नको. बहुतेक व्यायामशाळा आणि जिम सकाळी दहानंतर पाचपर्यंत ओस असतात. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या हास्यक्लबांच्या चळवळीने आणि गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी माणसे आधीच एकत्र आणलेली आहेत. मंदिरांचे सभामंडप आहेत, सोसायट्यांची सभागृहे आहेत. एखाद्या संघाने परिसरातील दोन होतकरू ट्रेनर निवडावेत, एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञाकडे त्यांना सहा महिने उमेदवारीला पाठवावे आणि परत आल्यावर पंधरा माणसांचा एक वर्ग, आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर चालू द्यावा. पहिल्या दिवशी प्रत्येकाची खुर्चीतून उठण्याची नोंद वहीत करावी आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी. सामग्री म्हणून पंधरा बिनहातांच्या भक्कम खुर्च्या, भिंतीला एक धरायची पट्टी आणि वाळू भरून शिवलेल्या, पायाला बांधायच्या पिशव्या. पिशव्या वर्गातील आजीच शिवतील. अर्धा किलोपासून सुरुवात करावी.